लाल झारी

"म्हणजे मी तुला उगाचच घाबरवलं," आई म्हणाली. वाईला मामाच्या अंगणात ती विळी घेऊन लोणच्याच्या कैऱ्या चिरत बसली होती आणि हे म्हणताना तिनं मान वर केली नाही. गाडीचं बॉनेट उघडं होतं, मिस्त्री फडक्याला हात पुसत होते. इंजिनला काहीही झालेलं नाही हे नुकतंच कळलं होतं आणि त्या बातमीनं मी इतकी हलकी झाले होते की "अगं जाऊ दे, गाडी वाचली ना," असं म्हणून मी माठातलं पाणी प्यायला आत गेले. कैरी विळीवर दाबल्याचा कचकच आवाज मागून येत राहिला. तेव्हा काही वाटलं नाही. आता दोन महिने झाले, लोणचं मुरलंसुद्धा, पण ते वाक्य काही केल्या मुरत नाही.

घडलं ते इतकंच. मे महिन्यातली दुपार, पुण्याहून वाईला निघालो होतो. गाडी आमची जुनीच, २००२ची मारुती ८००. बाबांनी घेतलेली, पांढरी, पुढच्या काचेवर डाव्या कोपऱ्यात अजून त्यांनीच चिकटवलेला मोरयाचा स्टिकर असलेली. खंबाटकीचा घाट चढताना दोन ट्रकांच्या मागे अडकलो, दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत वर आलो, पलीकडे उतरलो आणि सुरूर फाट्याला वळणासाठी थांबलो. तिथं आई म्हणाली, "अगं, ती लाल झारी लुकलुकतेय बघ." मी समोरून येणारी एसटी बघत होते. "उन्हाची तिरीप असेल गं," असं म्हणून गाडी वळवली. वाई रस्त्याला लागल्यावर तिनं पुन्हा बघितलं, दिवा नव्हता. ती गप्प बसली. मग एका बैलगाडीमागे वेग अगदी कमी झाला आणि या वेळी मलाही दिसलं. लाल, छोटा, अंगात आल्यासारखा थरथरणारा दिवा.

झारी हा तिचाच शब्द. डॅशबोर्डवरच्या त्या चिन्हाला बहुतेक लोक अल्लाउद्दीनचा दिवा म्हणतात. आईला त्यात तिच्या शिलाई मशीनच्या तेलाची झारी दिसते. लांब नळीची, बुडाला दाबलं की टप्पकन एक थेंब सोडणारी. चित्रातल्या नळीच्या टोकालाही थेंब आहेच. लहानपणी दर शनिवारी ती मशीनच्या सगळ्या भोकांत एकेक थेंब सोडायची, चाक हातानं चार वेळा फिरवायची आणि कान देऊन ऐकायची. आवाज मऊ झाला की चिंधी फिरवून मशीन मिटायची. त्यामुळे गाडीत तेलाचं काही बिघडलं तर झारी पेटते हे तिला कुणी समजावून सांगावं लागलं नव्हतं.

मी गाडी बाजूला घेतली आणि लगेच बंद केली. एवढं बाबांनी घोकून घेतलं होतं: बाकीचे दिवे लागले तर घरी जाऊन बघ, हा लागला तर एक पाऊलही पुढं जाऊ नकोस. सुरूर–वाई रस्त्यावर दोन्ही बाजूंनी जुने वड आहेत, त्यांतल्या एकाखाली आम्ही पाऊण तास काढला. गरम इंजिनाचा टकटक आवाज हळूहळू थांबत गेला, तापलेल्या रबराचा वास तेवढा येत होता. दांडी काढून पुसली, पुन्हा घातली, काढली. तेल वरच्या खुणेला टेकलेलं होतं. त्यानं बरं वाटायला हवं होतं, पण हा दिवा तेल किती आहे हे सांगतच नाही. तेल ज्या जोरानं फिरायला हवं तसं फिरतंय की नाही, एवढंच तो सांगतो. तेल भरपूर असून दाब नसेल तर दुखणं खोलवरचं. पंप गेला, खाली चेंबरातली जाळी तुंबली, नाहीतर बेअरिंगं झिजून तेल वाटेतच निसटतंय. वडाच्या पारंबीला टेकून मी मनातल्या मनात हे सगळं खर्चात मांडत होते आणि आई मला पाण्याची बाटली पुढं करत पुन्हा पुन्हा विचारत होती, "मी आधीच जोरात सांगायला हवं होतं का गं?"

मामानं पिकअप पाठवला, दोर बांधून गाडी गंगापुरीत आणली. पहिल्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं, सेल्फ मारला, कान तिरपा करून ऐकल्यासारखं केलं आणि मामाकडे बघून म्हणाला, "बेअरिंगं गेली. इंजिन उतरवावं लागेल. नाहीतर जाड तेल टाकून देतो, दिवा जाईल, तोवर गिऱ्हाईक बघा." गाडी मी चालवत होते. दिवा कधी लागतो, रेस दिल्यावर विझतो का, गाडी थंड असताना काय होतं, हे सगळं मला ठाऊक होतं आणि मी ते सांगायला दोनदा तोंड उघडलं. त्यानं दोन्ही वेळा मामालाच उत्तर दिलं. माझ्या कानशिलांना जे गरम गरम लागलं ते अजून आठवतं. जाड तेल टाकून दिवा घालवायचा हा उपाय मी पूर्वीही ऐकला होता. घट्ट तेलाला दाब जास्त मिळतो, दिवा खरंच विझतो आणि आतली झीज तशीच चालू राहते. गाडी विकून मोकळं व्हायचं असेल त्याला ते सोयीचं. मला ती ठेवायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा एका वयस्क मिस्त्रींना घेऊन आला. एसटीच्या डेपोत आयुष्य काढून निवृत्त झालेले, डोक्याला टोपी, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी आधी मला विचारलं, "सांग पोरी, काय काय झालं? आधीपासनं सांग." मी सांगितलं. घाट, फाटा, ऊन, रेस दिली की दिवा जातो, सकाळी थंड गाडीला लागत नाही. ते मधे एकदाही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पहिल्यांदा कुणाला दिसला?" मी आईकडे बोट केलं. तर ते आईजवळ जाऊन उकिडवे बसले आणि तिलाही विचारलं, आणि आईनं सांगितलं की सुरूरच्या आधी, घाट संपतो तिथल्या उतारावरही तिला एकदा चमकल्यासारखं वाटलं होतं, पण खात्री नव्हती म्हणून ती बोलली नाही. मला हे माहीतच नव्हतं.

मिस्त्रींनी दिव्याची वायर तेलाचा दाब ओळखणाऱ्या स्विचवरून ओढून काढली. दिवा गेला. वायरीचं टोक इंजिनच्या लोखंडाला टेकवलं. दिवा लागला. "वायर चांगली आहे," म्हणाले. मग स्विच खोलून त्याच्या जागी पिशवीतलं दाबाचं घड्याळ बसवलं. पितळी, काच चरे पडलेली, पांढरी तबकडी पिवळी झालेली. इंजिन अर्धा तास चालू ठेवून चांगलं तापवलं. या गाडीला फेऱ्यांचा काटा नसतो. मिस्त्री अॅक्सिलरेटरची केबल बोटानं ओढत आणि आवाजावरूनच हजार, दोन हजार, तीन हजार असं म्हणत. गरम इंजिन नुसतं पुटपुटत असतानाही काटा एक किलोच्या वर होता आणि रेस दिली की साडेतीनच्या आसपास जाऊन स्थिर राही. त्यांनी मला वाकून काटा बघायला लावला. मग मामाला. मग आईला हाक मारली, "वैनी, तुम्हीपण बघा." आई कैरीचे हात धरून वाकली.

"इंजनाला काय झालं न्हाय. ह्यो बल्ब गेलाय," म्हणाले, स्विचला ते बल्बच म्हणत, आणि तो काढलेला स्विच माझ्या तळहातावर ठेवला. गरम होता. अंगठ्याएवढा जेमतेम. तेवीस वर्षं तो इंजिनच्या कडेला, खालच्या अंगाला, धूळ आणि चिखल खात एकच काम करत होता. आत एक पातळ पडदा असतो, त्यामागं स्प्रिंग. दाब नसेल तेव्हा स्प्रिंग दोन टोकं जुळवून ठेवते, दिव्याच्या विजेला इंजिनच्या अंगातून परतीची वाट मिळते, दिवा पेटलेला. पंपानं तेल ढकललं की पडदा मागं सरतो, टोकं सुटतात, दिवा विझतो. त्याला पाव-अर्धा किलोचा दाब पुरतो. आमच्या स्विचचा पडदा थकला होता. कडेच्या वळलेल्या पत्र्यातून तेल झिरपून त्यावर काळं कीटण धरलं होतं. इंजिन गरम झालं, तेल पातळ झालं, गाडी स्लोवर आली, की दाब थोडा उतरे. तो पुरेसा असे, पण या म्हाताऱ्या पडद्याला तेवढा पुरत नसे.

आणि मग आई ते वाक्य म्हणाली.

मिस्त्रींनी जुनाच स्विच परत बसवून दिला. नवा वाईत तेव्हा मिळाला नाही, आणि मला सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. "पुण्यात जाऊन बदल. वाटेत लागला तरी जा बिनघोर. मी घड्याळ लावून बघितलंय." तेव्हा परतीचे नव्वदेक किलोमीटर आम्ही, ज्या दिव्यासाठी आदल्या दिवशी जागच्या जागी थांबलो होतो, त्याच्याकडे दुर्लक्ष करत आलो. बोगद्यात तो लागला नाही. शिरवळला नाही. खेड शिवापूरच्या टोलनाक्याच्या रांगेत मात्र लागला. फुरफुरत, विझत, पुन्हा लागत. माझी नजर काट्यांवरच होती. आईनंही बघितलं. मला तिच्या मानेची हालचाल जाणवली. ती काही बोलली नाही. मांडीवरची पर्स तिनं दोन्ही हातांनी धरली आणि डावीकडच्या काचेतून बाहेर बघत बसली. रांग पंधरा मिनिटं तरी होती. गाडीत आईनं पंधरा मिनिटं काहीच न बोलणं हे माझ्या आठवणीत तरी पहिल्यांदाच.

माझ्या घरात आईचं लक्ष जाणं आणि आम्ही ते बाजूला सारणं, याला बरीच वर्षं झाली आहेत. २०१७ साली याच गाडीचं पंधरा वर्षांनंतरचं पासिंग होतं. बाबा जेवणाच्या टेबलावर अर्जावर सह्या करत होते. आई ताटं मांडताना थांबली आणि म्हणाली, "तुमची सही बारीक झालीय." बाबांची सही म्हणजे ऐसपैस, शेवटच्या अक्षराची शेपटी ओळीखाली बोटभर जाणारी. त्या दिवशीची सही मीही बघितली. मला ती सहीसारखीच सही वाटली. बाबा म्हणाले, "रकाना एवढासा आहे, मावायला नको?" आम्ही हसलो. पुढे काही दिवसांनी तिनं दुधवाल्याचा हिशेब लिहिलेली वही आणून दाखवली. महिन्याच्या सुरुवातीचे आकडे आणि शेवटचे. "हे बघा, अक्षर आक्रसत चाललंय." मी म्हणाले, "वय झालं आई, चष्मा बदलायला हवा." चष्मा बदललाही. दीड वर्षानं मेंदूच्या डॉक्टरांनी बाबांना कोरा कागद दिला आणि एक लांबलचक वाक्य लिहायला सांगितलं. ओळ सुरू झाली तेव्हा अक्षर ठीक होतं, टोकाला पोचेपर्यंत मुंग्यांची रांग झाली. डॉक्टरांनी कागद आमच्याकडे वळवला आणि सांगितलं की पार्किन्सन्समध्ये असं होतं, पुष्कळदा हात थरथरायला लागण्याआधीही. आई माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "मी म्हणत होते" असं ती त्या दिवशी बोलली नाही, बाबा असेपर्यंत नाही, ते गेल्यानंतरही नाही. दुधाची ती वही अजून कपाटात आहे, आणि कधी कपाट आवरताना हाताला लागली तर मी ती उघडत नाही.

आधी कळून फार फरक पडला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं होतं. औषधं त्रास हलका करतात, आजार थांबवत नाहीत, असं ते म्हणाले. मला तेवढ्यानं सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं याचंच पुढं ओझं झालं. कारण त्या दीड वर्षात ती एकटीच काळजी करत होती. शर्टाची बटणं लावायला बाबांना वेळ लागतो, चालताना उजवा हात हलत नाही, हे ती बघत होती आणि सांगायची तेव्हा "तुझं आपलं काहीतरीच" हे आमचं उत्तर तयार असायचं.

खरं सांगायचं तर तिच्या सगळ्याच शंका खऱ्या निघत नाहीत. स्वारगेटपर्यंत गेलेल्या रिक्षातून आम्ही इस्त्री चालू राहिल्याच्या भीतीनं परत आलो आहोत आणि इस्त्री थंडगार होती. मध्यरात्री चोर आल्याचं सांगून तिनं अख्खा जिना जागा केला होता, पत्र्यावर बोका होता. मग एकदा महिनाभर तिला स्वयंपाकघरात गॅसचा वास येत राहिला. आम्हा कुणाला येईना. शेवटी सिलिंडर बदलणाऱ्या मुलानं नळीला साबणाचा फेस लावला आणि शेगडीच्या मागच्या वळणावर बारीक बुडबुडे उठले. त्या मुलानं आम्हा सगळ्यांकडे ज्या नजरेनं बघितलं ती मला लख्ख आठवते. पण पुढच्या वेळी तिला कसलासा वास आला तेव्हाही मी "आई, पुन्हा?" असंच म्हणाले होते.

मागच्या रविवारच्या आदल्या दिवशी नाना पेठेत गेले. ८००चं उत्पादन २०१४च्या जानेवारीत थांबलं, पण नाना पेठेला ते अजून मान्य नाही. बंपरपासून वॉशरपर्यंत सगळं मिळतं. एकमेकांना खेटलेली दुकानं, दारात टांगलेले सायलेन्सर, ग्रीस आणि नव्या रबराचा मिसळलेला वास. दुकानदारानं पहिला प्रश्न केला, "सॅम्पल आणलंय?" स्विच अजून गाडीतच होता. मी फोनमधला फोटो दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा केला, फळीवर चढले आणि दोन डब्या उतरवल्या. एक स्वस्त, एक अडीचशेची. मी अडीचशेची घेतली. वाईच्या मिस्त्रींना फोन केला तेव्हा त्यांनी एवढंच बजावलं, "आट्यांवर टेप गुंडाळू नको. त्या बल्बाला एकच वायर असती, अर्थिंग आट्यांतनंच मिळतं. टेप लावलास तर दिवा लागंलच असं न्हाय." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "चावी दिल्यावर, सेल्फ मारायच्या आधी, दिवा लागायलाच पायजे. तवा न्हाय लागला तर भ्यायचं. लागला तर न्हाय."

हे शेवटचं वाक्य मी ओट्याशी उभ्या आईला जसंच्या तसं सांगितलं. ती भाजणी परतत होती. हात थांबला. "म्हणजे रोज एकदा तो लागायलाच हवा?" म्हणाली. मी म्हटलं, हो. इंजिन बंद असतं तेव्हा दाब नसतोच, तेव्हा दिवा लागतो आणि तो जागा आहे हे कळतं. "आणि आपल्या वायरीत काही तुटलं तर?" म्हणजे मग तो गप्प. इंजिन जळेपर्यंत गप्प. तिनं मान हलवली आणि पुन्हा उलथनं फिरवायला लागली.

रविवारी सकाळी सातला, ऊन पार्किंगमध्ये यायच्या आत, आम्ही दोघींनी काम काढलं. बाबांचा हत्यारांचा डबा. त्यात प्रत्येक पान्याला तेल पुसून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, कागद आता इतका जुना की उलगडताना तुकडे पडतात. गाडी रात्रभर थंड झालेली होती. वायरीवरची रबरी टोपी तेलात भिजून फुगली होती, ओढताना चिकटली आणि मग सुळकन सुटली. लांब गोटी पाना त्या अडचणीत कसाबसा बसला. पहिला झटका दिला तेव्हा काहीच झालं नाही, दुसऱ्याला मनगटात कळ आली, तिसऱ्याला कट्ट असा कोरडा आवाज होऊन आटे सुटले. असा आवाज आला की आधी काळजात धस्स होतं, आटे सुटले की काहीतरी तुटलं हे हाताला कळेपर्यंत. पुढं बोटांनीच फिरवला. भोकातून दोन-तीन चमचे काळं तेल कोपरापर्यंत ओघळलं. आईनं जुन्या परकराचा तुकडा पुढं केला, मी भोकाभोवतीचं लोखंड कोरडं, चकचकीत होईतो पुसलं. नवा स्विच हातानं आत घातला. हे आटे निमुळते असतात, पहिले काही फेरे मऊ जातात आणि मग स्विच स्वतःच घट्ट होत येतो. तिथून पुढं पान्यानं थोडंसंच, जोर न करता. पितळेवर जास्त जोर केला तर तडा जातो, हे सांगायला बाबा नव्हते, पण डब्याच्या झाकणात त्यांच्या अक्षरात लिहिलेलं आहे: "पितळ. हळू." मोठं, ऐसपैस अक्षर.

मी आईला म्हटलं, तू आत बस आणि चावी दे. ती कधी चालवण्याच्या जागेवर बसत नाही. साडी सावरून बसली, चावी एक घर फिरवली. मी बॉनेटच्या फटीतून तिचा चेहरा बघत होते.

"लागली," ती म्हणाली.

मग मी आत वाकून सेल्फ मारला. इंजिन एकदा खाकरलं, दोनदा, आणि सुरू झालं.

"गेली."

अर्धा तास आम्ही तसंच चालू ठेवलं. पंखा फिरला, थांबला, पुन्हा फिरला. मी खाली आडवी होऊन टॉर्च मारून बघितलं, एक थेंब नव्हता. आईनं सगळा वेळ झारीवरून नजर हलवली नाही. मी उठले, हाताला माती आणि तेल, आणि म्हटलं, "आई, वाईला तू म्हणालीस ना, मी उगाच घाबरवलं तुला. तू उगाच नव्हतं सांगितलंस. दिवा लागला होता. तू बघितलास." ती म्हणाली, "हो, पण इंजिन तर चांगलं होतं ना." मी म्हटलं, "ते घड्याळ लावल्यावर कळलं. तोवर थांबणंच बरोबर होतं." ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "टोलनाक्याला पण लागली होती." मी म्हटलं, "मला माहितीय. तुलाही माहिती होतं." यावर तिनं चावी बंद केली आणि माझे हात धुवायला पाणी आणायला वर गेली.

परवा पुन्हा वाईला गेलो, मामाकडे पूजा होती. निघताना तिनं शेजारच्या सीटवर बसून आपणहून झारीकडे बोट दाखवलं. "लागली. गेली." आता हे तिचं रोजचं झालं आहे. जाताना घाटात काही झालं नाही. येताना पावसाची भुरभुर होती, बोगद्यातून बाहेर पडलो, वायपर कुरकुरत होते. ती म्हणाली, "मागून कसला तरी आवाज येतोय का गं? खडे घासल्यासारखा?"

मी कान दिला. मला काहीच ऐकू येत नव्हतं. वायपर बंद केले, तरी नाही. डावीकडचा इंडिकेटर लावला, वेग उतरवत कडेला घेतलं आणि दोन्ही काचा खाली केल्या.

"आता सांग," मी म्हटलं. "कुठल्या बाजूनं?"

तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि मान बाहेर काढून ऐकायला लागली.